जुनी डिझेल पिकअप ओढत नाही? सेन्सर विकत घेण्याआधी क्रमाने करायच्या तपासण्या

रिकामी गाडी बरी पळते, पण सव्वा टन कांदा भरून कसारा घाटाला लागली की दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. मधेच चेक लाइट लागते. चावी बंद करून पुन्हा मारली की थोडा वेळ ठीक, मग परत तेच. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की एखाद्या सेन्सरचं नाव येतं, सेन्सर बदलला जातो, आणि पुढच्या फेरीला गाडी तिथेच दम सोडते.

हा लेख साधारण २०१० ते २०२० मधल्या कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाच्या एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणाऱ्या) टर्बो डिझेल पिकअपसाठी आहे. २५२३ सीसीची बीएस-४ बोलेरो पिकअप, २१७९ सीसीची झेनॉन आणि त्यांच्यासारख्या गाड्या यात येतात. त्याआधीच्या, मेकॅनिकल पंपाच्या गाडीला यातला हवा आणि डिझेलचा भाग लागू पडतो, रेल प्रेशर आणि सेन्सरचा नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांचं धूर गाळणारं फिल्टर हा वेगळा विषय आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा: स्कॅनरवर येणारा कोड (दोषाचा नंबर) ही तक्रार असते, निकाल नसतो. पी-००८७ म्हणजे रेलमधलं डिझेलचं प्रेशर कमी पडलं. हे सांगणारा सेन्सर बहुतेक वेळा खरंच बोलत असतो. तुंबलेला डिझेल फिल्टर तसाच ठेवून नवा सेन्सर बसवला, तर तोही हेच सांगेल.

१. हाताशी काय हवं

- मल्टीमीटर. व्होल्टला दोन दशांश स्थळं दाखवणारा.
- स्कॅनर. ब्लूटूथचा स्वस्त ओबीडी अडॅप्टर आणि फोनमधलं ॲप कोड वाचायला पुरतं. पण ईसीएमने (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने) मागितलेलं रेल प्रेशर आणि प्रत्यक्ष मिळालेलं रेल प्रेशर शेजारी शेजारी बघायचं असेल, तर त्या कंपनीच्या गाड्या ओळखणारा स्कॅनर लागतो. तो तासाभरासाठी मेकॅनिककडून मिळाला तरी भागतं.
- टेस्ट लॅम्प, कपलरच्या मागून घालायला बारीक पिना, पारदर्शक डिझेल होज, पाच लिटरचा स्वच्छ कॅन, साबणाचं पाणी, नव्या होज क्लिपा.
- हवेच्या सेन्सरसाठी एमएएफ क्लीनर, कपलरसाठी कॉन्टॅक्ट क्लीनर.
- कागद: आरसी बुक, शेवटच्या सर्व्हिसची बिलं, आणि तुमच्याच इंजिनाचा, तुमच्याच बीएस टप्प्याचा वायरिंग डायग्रॅम. एकाच नावाच्या बीएस-३ आणि बीएस-४ गाडीचं वायरिंग वेगळं असू शकतं. चुकीच्या डायग्रॅमवर दोन तास घालवण्यापेक्षा आधी इंजिन नंबरवरून खात्री करा.

जिवाशी खेळू नका: जुन्या इंजिनात नोझलचा पाइप ढिला करून कोणता सिलिंडर मारत नाही ते बघायची पद्धत होती. कॉमन रेलमध्ये ते कधीही करू नका. चालू इंजिनात रेलमध्ये शेकडो बार प्रेशर असतं आणि लोडवर ते हजाराच्या वर जातं. बारीक धार कातडी फोडून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण तसं झालं तर तडक दवाखाना गाठावा लागतो. कुठलाही हाय प्रेशर पाइप खोलण्याआधी इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा धरा.

२. तक्रार कागदावर उतरवा

"पिकअप नाही" एवढ्याने काही कळत नाही. कधी होतं ते लिहा: थंड इंजिनाला की तापल्यावर, कोणत्या आरपीएमला, लोडवरच की रिकामीसुद्धा, टाकी भरलेली असताना की तळाला आल्यावर, पावसात की कायम. चावी बंद-चालू केल्यावर लगेच ताकद परत येत असेल, तर ईसीएमने स्वतःहून हात आखडता घेतला होता, म्हणजे गाडी लिम्प मोडमध्ये होती. चावी मारून काहीच फरक पडत नसेल, तर बहुधा हवा, डिझेल किंवा यांत्रिक दोष आहे.

धूर बघा. काळा धूर म्हणजे डिझेल आहे पण हवा कमी: फाटलेला टर्बो पाइप, तुंबलेला एअर फिल्टर किंवा उघडा अडकलेला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह). ताकद नाही आणि धूरही नाही, म्हणजे डिझेलच पोचत नाही, किंवा ईसीएम ते देत नाही. निळा धूर ऑइल जळल्याचा. गरम इंजिनाला पांढरा धूर आला, तर इंजेक्टर, कॉम्प्रेशन किंवा कूलंटकडे बघायचं.

३. दोष इंजिनाचाच आहे ना?

हे सगळेच वगळतात. टॉप गिअरला ताशी ४० किलोमीटरला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला पण वेग चढला नाही, तर क्लच घसरतोय. सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडा आणि ब्रेक फारसा न दाबता थांबवा. एखाद्या चाकाची डिस्क वा ड्रम बाकीच्यांपेक्षा खूप तापलेला असेल, तर ब्रेक धरून राहतोय. टायरची हवा आणि काट्यावरचं खरं वजनही तपासा. क्षमतेपेक्षा जास्त माल भरलेल्या गाडीत दोष शोधून सापडणार नाही.

४. बॅटरी आणि अर्थ

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.५ व्होल्टच्या आसपास हवी. स्टार्टर फिरताना ती ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५.

मग मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हच्या खांबावर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर ठेवून स्टार्टर मारा. ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थची पट्टी खराब आहे. जुन्या पिकअपमध्ये इंजिन आणि चासी यांच्यातली वेणीची पट्टी गंजून तुटलेली असते आणि त्यातून चार सेन्सरचे कोड एकदम उठतात. दोन बोल्ट काढा, गंज घासा, पट्टी बदला.

हौद्याला किंवा फाळक्याला नुकतंच वेल्डिंग झालं आहे का, तेही विचारा. बॅटरी न सोडता, अर्थचा चिमटा लांब कुठेतरी लावून केलेल्या वेल्डिंगने वायरिंग, सेन्सर, प्रसंगी ईसीएमसुद्धा जातो. वेल्डिंग करायचंच असेल तर बॅटरीची दोन्ही टोकं सोडा आणि चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा.

५. कोड वाचा, लिहून घ्या, पुसू नका

ओबीडीचं सोळा पिनांचं सॉकेट डॅशबोर्डखाली असतं. स्कॅनर चालूच होत नसेल तर १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा करंट आणि ४ नंबरवर अर्थ आहे का बघा. बऱ्याचदा फ्यूज गेलेला असतो.

सगळे कोड लिहा आणि फ्रीझ फ्रेम असेल तर तिचा फोटो काढा. कोड पडला त्या क्षणाचा आरपीएम, वेग आणि तापमान तिथे साठलेलं असतं. कोड पुसला की तीही जाते. गॅरेजमध्ये नेताच "आधी कोड क्लिअर करू" म्हणणाऱ्याला थांबवा.

या कामात भेटणारे कोड:

- पी-००८७: रेल प्रेशर कमी. आधी डिझेलचा मार्ग.
- पी-०१९० ते पी-०१९३: रेल प्रेशर सेन्सरचं सर्किट. आधी कपलर आणि वायर.
- पी-०२९९: टर्बोचं बूस्ट (इंजिनात दाबून भरलेल्या हवेचा दाब) कमी. पाइप, ॲक्च्युएटर.
- पी-०१०१: हवेच्या सेन्सरचं माप जुळत नाही.
- पी-०३३५, पी-०३४०: क्रँक आणि कॅम सेन्सर.
- पी-०४०१ ते पी-०४०४: ईजीआर.
- पी-२१३८: ॲक्सिलरेटर पेडलचे दोन सिग्नल एकमेकांशी जुळत नाहीत.
- पी-०६४२: सेन्सरना मिळणारा पाच व्होल्टचा पुरवठा खाली गेला.

एकदम तीन-चार सेन्सरचे कोड आले तर ते सगळे एकाच दिवशी बिघडले असं समजू नका. त्यांचा सामाईक पुरवठा किंवा सामाईक अर्थ शोधा.

६. चढावर माप घ्या

सगळ्यात जास्त कामाची पायरी हीच. इंजिन नीट तापवा. वाहतूक नसलेला चढ निवडा, शेजारी दुसरा माणूस फोन किंवा स्कॅनर धरून बसवा. तिसऱ्या गिअरला १५०० आरपीएमवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ३००० पर्यंत न्या आणि रेकॉर्डिंग करा. आरपीएम, पेडल टक्के, बूस्ट (एमएपी), मागितलेलं आणि मिळालेलं रेल प्रेशर, एमएएफ, कूलंटचं तापमान एवढे आकडे हवेत.

मिळालेलं रेल प्रेशर मागितलेल्याच्या बरंच खाली राहत असेल, तर पायरी ८ कडे जा. रेल प्रेशर जुळतंय पण एमएपी शंभराच्या आसपासच रेंगाळतोय, तर पायरी ७. निरोगी टर्बो असलेल्या बहुतेक गाड्यांत पूर्ण लोडला हा आकडा १७० ते २२० किलोपास्कलच्या दरम्यान जातो. तुमच्या गाडीची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा. पाय पूर्ण दाबलेला असून पेडल ६० टक्केच दिसत असेल तर दोष पेडल सेन्सरमध्ये किंवा त्याखाली सरकलेल्या मॅटमध्ये. आणि ईसीएम मागतोच आहे कमी, असं दिसलं तर तो कशाला तरी घाबरून ताकद कापतोय: तापमान, एखादा कोड, किंवा ब्रेक स्विच. ब्रेक स्विच अडकला की ईसीएमला ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबलेले वाटतात आणि बऱ्याच गाड्यांत तो डिझेल कमी करतो.

७. हवेचा मार्ग

एअर फिल्टर काढून उजेडात धरा. मातीच्या रस्त्यावर, ऊसतोडणीच्या हंगामात, वेळापत्रकाची वाट न बघता तो बदलावा लागतो. फिल्टरच्या डब्यापासून टर्बोपर्यंतचा रबरी पाइप लोडवर आतल्या बाजूने दबत नाही ना, तेही बघा.

टर्बोपासून इंजिनापर्यंतचे पाइप (इंटरकूलर असेल तर त्याचेही) खालून हात फिरवून तपासा. फाटलेला पाइप वरून धड दिसतो. जिथे ऑइल आणि धुळीचा ओला डाग असेल तिथेच हवा निसटत असते. पक्की खात्री हवी तर टर्बोच्या तोंडाला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेलं झाकण लावून ०.७ बारपर्यंत हवा भरा आणि साबणाचं पाणी मारा. त्यापेक्षा जास्त भरू नका, सील जाते. इंजिन थांबलेल्या स्थितीनुसार थोडी हवा आतून निघतच राहील. शोधायची ती बाहेरची गळती.

वेस्टगेट (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणारी झडप) हलवणाऱ्या ॲक्च्युएटरची बारीक होज कडक होऊन चिरलेली नाही ना? व्हॅक्यूमवर चालणारा ॲक्च्युएटर असेल तर व्हॅक्यूम पंपही मोजा. आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागे बसवलेला असतो आणि ब्रेकच्या बूस्टरलाही तोच व्हॅक्यूम देतो. त्यामुळे ताकद कमी झाली आणि ब्रेकही जड झाला, तर पहिला संशय तिथे घ्या. टर्बोचा पंखा बोटाने हलवा: बाजूला किंचित हललेला चालतो, पुढे-मागे खेळ जाणवता कामा नये, पाती घराला घासलेली नकोत.

हे सगळं ठीक निघालं तर सायलेन्सरच्या बाजूला बघा. आतून फुटलेलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाट अडवतं. त्याच्या पुढचा जोड ढिला करून थोडं चालवल्यावर ताकद परत आली, तर उत्तर मिळालं.

८. डिझेलचा मार्ग

फिल्टरखालचा नट सोडून पारदर्शक बाटलीत डिझेल घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी तळाला बसतं. शेतावर ड्रममध्ये साठवलेलं डिझेल वापरणाऱ्या गाड्यांत आणि पावसाळ्यात हे हमखास निघतं. फिल्टर शेवटचा कधी बदलला ते बिलावर बघा. आठवत नसेल तर बदला, आणि चांगल्या प्रतीचाच बसवा. कॉमन रेलच्या पंपाला आणि इंजेक्टरला बारीक कचराही सोसत नाही.

फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक होज जोडा. इंजिन चालू असताना बुडबुडे येत राहिले तर डिझेल हवा धरतंय: ढिली क्लिप, चिरलेली होज, किंवा टाकीतला गंजलेला सक्शन पाइप. टाकी तळाला आल्यावरच त्रास होत असेल तर हा पाइप किंवा त्याची जाळी.

मग कॅनची चाचणी. पाच लिटर स्वच्छ डिझेल इंजिनाजवळ पक्कं बांधून फिल्टरला थेट द्या आणि रिटर्नही कॅनमध्येच सोडा. कॅन गरम एग्झॉस्टपासून लांब ठेवा. गाडी जागेवर उभी असतानाच रेस द्या, कॅन घेऊन रस्त्यावर जाऊ नका. टाकीवर कमी पडणारं रेल प्रेशर कॅनवर भरलं, तर हाय प्रेशर पंप निर्दोष आहे आणि दोष टाकी ते फिल्टरच्या दरम्यान आहे. अनेकांचा पंपाचा खर्च या एका चाचणीने वाचतो.

कॅनवरही प्रेशर आलं नाही तर इंजेक्टरचा रिटर्न मोजा. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या बाटल्या लावून काही मिनिटं आयडलला चालवा. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली, तर तो इंजेक्टर प्रेशर सोडतोय. चारही सारखे आणि कमी असतील, तर मग प्रेशर कंट्रोल व्हॉल्व्ह आणि पंप. नवा इंजेक्टर बसवताना त्यावरचा कोड ईसीएममध्ये भरावा लागत असेल तर तो भरूनच घ्या, नाहीतर आयडल ओबडधोबड राहतं.

९. आता सेन्सर

कुठलाही तीन वायरचा सेन्सर घ्या: एक पाच व्होल्ट, एक अर्थ, एक सिग्नल. चावी ऑन, इंजिन बंद, कपलर काढलेला. पुरवठा आणि अर्थ यांच्यात ४.९ ते ५.१ व्होल्ट हवेत. नसतील तर त्याच पुरवठ्यावरचे बाकीचे सेन्सर एकेक करून काढत जा. ज्याचा कपलर काढताच पाच व्होल्ट परत येतात, तो आतून शॉर्ट आहे आणि त्याने सगळ्यांना ओढून खाली आणलं होतं. एकही काढून फरक पडला नाही, तर वायर कुठेतरी घासून बॉडीला लागली आहे. इंजिनाच्या मागच्या बाजूला, ब्रॅकेटच्या कडेला आणि उंदरांनी कुरतडलेल्या ठिकाणी बघा.

वायरच्या आवरणात सुई खुपसू नका, पावसाळ्यात तिथून पाणी शिरून तांबं हिरवं पडतं. पिन कपलरच्या मागून घाला.

बूस्ट सेन्सर (एमएपी). चावी ऑन, इंजिन बंद, या स्थितीत त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. मुंबईत किंवा कोकण किनाऱ्यावर साधारण १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. पुण्यात उभी गाडी ७० दाखवत असेल तर आधी त्याच्या तोंडावरची काजळी पुसा, वायर बघा, मग बदला.

हवेचा सेन्सर (एमएएफ), असेल तर. साधा हिशेब करा. अडीच लिटरचं इंजिन ८०० आरपीएमला मिनिटाला १००० लिटर हवा ओढतं. पुण्याच्या हवेत लिटरला साधारण १.१ ग्रॅम धरले तर सेकंदाला १८ ग्रॅम. सिलिंडर पूर्ण भरत नाही म्हणून १५-१६. ईजीआर बंद असताना आकडा याच्या खूप खाली असेल तर सेन्सर मळलाय किंवा त्याच्या पुढे हवा गळतेय. ईजीआर उघडा असताना आकडा बराच कमी दिसणं साहजिक आहे. साफ करायला फक्त एमएएफ क्लीनर वापरा. कार्ब क्लीनर, पेट्रोल, कापडाचा बोळा यांनी आतली बारीक तार जाते.

रेल प्रेशर सेन्सर. इंजिन थांबून काही मिनिटं झाल्यावर सिग्नल अर्ध्या व्होल्टच्या आसपास आणि स्कॅनरवर प्रेशर शून्याजवळ हवं. उभ्या इंजिनाला तो १०० बार दाखवत असेल तर खोटं बोलतोय. आयडलला बहुतेक गाड्यांत २५० ते ३५० बार दिसतं.

कूलंट सेन्सर. सकाळी पहिल्यांदा चावी ऑन केल्यावर कूलंट आणि आत जाणारी हवा यांचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. उणे ४० दिसलं तर सर्किट तुटलंय. दोन वायरचा सेन्सर २० अंशाला दोन-अडीच हजार ओहम आणि ८० अंशाला तीनशेच्या आसपास दाखवतो.

क्रँक सेन्सर. तापल्यावर गाडी बंद पडते आणि थंड झाल्यावर सुरू होते, ही त्याची जुनी खूण. स्टार्टर मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्य राहिला तर सेन्सर, त्याची वायर आणि टोकाला चिकटलेला लोखंडी कीस बघा.

पेडल सेन्सर. त्यात दोन सिग्नल असतात आणि बऱ्याच गाड्यांत एक दुसऱ्याच्या दुप्पट असतो. पेडल अगदी सावकाश दाबत दोन्ही आकडे बघा. मधेच एक अडखळला किंवा उडाला, तर पेडल असेंब्लीच बदलावी लागते.

कधी येतो कधी जातो असा दोष असेल तर इंजिन चालू ठेवून लाइव्ह आकडे बघत वायरिंगचा जुडगा हलवा, कपलर हळूच ओढा. तापल्यावरचा दोष असेल तर संशयित सेन्सरवर हेअर ड्रायर धरा. प्रेशर वॉशरने इंजिन धुतल्यावर लगेच त्रास सुरू झाला असेल तर सगळे कपलर उघडून वाळवा आणि त्यांच्या रबरी सील जागेवर आहेत का बघा.

१०. ईजीआर

व्हॉल्व्ह काढून काजळी खरवडा, मऊ ब्रशने आणि क्लीनरने साफ करा, गॅस्केट नवं टाका. तो पूर्ण बंद बसतो ना, हे महत्त्वाचं. उघडा अडकला की लोडवर इंजिन आपलाच धूर गिळतं. पत्रा लावून तो बंद करायचा सल्ला सर्रास मिळतो. तो घेऊ नका: प्रदूषणाच्या नियमात ते बसत नाही आणि बऱ्याच गाड्यांत ईसीएम कोड टाकून पुन्हा ताकद कापतो.

एवढं करूनही ताकद आली नाही तर कॉम्प्रेशन आणि टायमिंग राहतं. हे काम अनुभवी मेकॅनिककडे द्या, पण आतापर्यंतचे आकडे त्याच्या हातात द्या.

११. दुरुस्तीनंतर

आता कोड पुसा. नंतर त्याच चढावर, त्याच गिअरला, शक्यतो तेवढाच माल घेऊन पायरी ६ चं रेकॉर्डिंग पुन्हा करा. मागितलेलं आणि मिळालेलं रेल प्रेशर जुळलं, बूस्ट चढला, आणि दोन-तीन दिवसांच्या फेऱ्यांत कोड परतला नाही, की काम झालं. काढलेला सेन्सर धड असेल तर फेकू नका, सुटा भाग म्हणून पिशवीत नाव घालून गाडीत ठेवा. आणि निरोगी गाडीचे आकडे (उभ्या इंजिनाचा एमएपी, आयडलचं रेल प्रेशर, चढावरचा सर्वोच्च बूस्ट, बॅटरीच्या व्होल्टची तीन मापं) तारखेसह एका कागदावर लिहून सर्व्हिसच्या बिलांसोबत लावून ठेवा. पुढच्या वेळी गाडी ओढेनाशी झाली की पहिली तुलना त्या कागदाशी करा.